जागा गेली कीं माणूस गेला?

नोकराला ‘नारळ दिला’ असें आपण बाजारांत सहज बोलून जातों. नारळ हें वस्तुतः मंगल फळ. निरोपाच्या वेळीं तें हातांत द्यावें ही आपली जुनी रीत. परंतु ज्याच्या हातांत हा नारळ पडतो त्याच्या घरीं त्या रात्रीं घराचें भाडें, मुलांच्या शाळेची फी आणि वाण्याची उधारी यांचा हिशेब कसा मांडला जातो, हें बोलणाराच्या ध्यानांत सहसा येत नाहीं. अलीकडे तर हा नारळ फार गोड बोलून देण्याचा प्रघात पडला आहे. “तुमच्यावर आमचा कांहींएक रोष नाहीं, तुमचें काम उत्तम होतें, पण काय करावें, जागाच उरली नाहीं.” अशा निरोपावर मनुष्यानें रागवावें तरी कोणावर? अपराध केला असें कोणी म्हणत नाहीं, म्हणून खुलासा करावयास वाव नाहीं. आणि भाकर तर गेली. आपल्यावर अन्याय झाला कीं केवळ दैव फिरलें, हेंच त्या बिचाऱ्यास कळत नाहीं. तें कसें ओळखावें, याचा आज विचार करूं. हा विषय नोकरांच्या जितका जिव्हाळ्याचा आहे तितकाच आमच्या व्यापारी वाचकांच्याहि आहे. कारण अज्ञानानें केलेल्या अन्यायाचें बिल पुढें व्याजासह मालकाच्याच दारीं येतें.

प्रथम शब्दांचा घोळ निस्तरला पाहिजे. कारण या प्रकरणांत निम्मा अन्याय शब्दांच्या आडोशानेंच होतो. ‘बडतर्फी’ ही शिक्षा आहे. तिच्यांत आरोप असतो, चौकशी असते आणि आरोपास उत्तर देण्याचा नोकरास हक्क असतो. ‘कपात’ ही शिक्षा नव्हे. नोकर निर्दोष आहे, परंतु धंद्यास तितक्या माणसांची गरज उरली नाहीं, म्हणून संख्या कमी करावयाची, असा तिचा सामान्य अर्थ. तिसरा शब्द ‘ले-ऑफ’. मोठमोठ्या कंपन्या हल्लीं माणसें कायमचीं काढतात त्यालाच हें नांव देतात. पण आपल्या कायद्यांत ले-ऑफ म्हणजे तात्पुरतें काम बंद राहणें. वीज नाहीं, कच्चा माल नाहीं, यंत्र मोडलें, म्हणून कांहीं दिवस काम देतां येत नाहीं. नोकरी मात्र शाबूत असते. ज्यास कायमचें घरीं बसविलें त्यास ‘ले-ऑफ झाला’ म्हणणें म्हणजे घर विकून ‘भाड्यानें दिलें’ असें सांगण्यासारखें आहे. चौथा शब्द ‘राजीनामा’. तो खुशीचा असेल तर प्रश्नच मिटला. पण कागद पुढें ठेवून, “येथें सही करा, नाहींतर काढून टाकल्याचा शेरा मारूं,” असें सांगून घेतलेला राजीनामा हा राजीनाम्याच्या वेषांतली हकालपट्टी होय. तेव्हां मालकानें लिफाफ्यावर कोणता शब्द लिहिला यावरून निर्णय करूं नये. लिफाफ्याच्या आंत काय घडलें तें पाहावें.

आतां मालकाची बाजू. आम्ही व्यापाराचे शत्रु नाहीं, आणि एकदां ठेवलेला नोकर जन्मभर पोसलाच पाहिजे असाहि आमचा आग्रह नाहीं. बाजार चढतो तसा पडतो. हातमागाच्या जागीं यंत्रमाग आला, टंकलेखन-यंत्राच्या जागीं संगणक आला, उद्यां आणखी कांहीं येईल. जो धनी तोट्यांतली वखार माणसांच्या दयेखातर चालूं ठेवतो, तो अखेरीस स्वतःबरोबर सर्वांनाच बुडवितो. आपल्या न्यायालयांनींहि हा हक्क मान्य केला आहे. १९५८ सालीं मॅक्रोपोलो कंपनीच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें असें ठरविलें कीं, काटकसरीकरितां अथवा सोयीकरितां मालकानें प्रामाणिकपणें धंद्याची नवी रचना केली, आणि तिच्यामुळें कांहीं माणसें जादा ठरलीं, तर तेवढ्यावरून ती रचना अप्रामाणिक ठरत नाहीं. धंदा कसा चालवावा हें मालकानें ठरवावयाचें, न्यायाधीशानें नव्हे. परंतु या निवाड्यांतील ‘प्रामाणिकपणें’ हा शब्द वाचतांना पुष्कळ मालकांची नजर त्यावरून घसरते. सर्व वाद त्या एका शब्दांत सांठविलेला आहे.

म्हणून पहिली कसोटी अशी: जागा गेली कीं माणूस गेला? उदाहरणच घेऊं. समजा, एका अडत्याच्या पेढीवर तीन हिशेबनीस आहेत. नवें यंत्र आलें, वह्या लिहिण्याचें काम एका माणसाचें झालें, दोन जागा खरोखर उरल्या नाहींत. ही कपात खरी. दुःखद आहे, पण खरी. आतां दुसरा प्रकार पाहा. तिघांपैकीं एकजण बोनसाचा हिशेब मागूं लागला, किंवा संघटनेच्या सभेस गेला. पंधरा दिवसांनीं त्यास सांगण्यांत आलें कीं तुमची जागा रद्द झाली. महिन्याभरांत त्याच गादीवर धन्याच्या मेव्हण्याचा मुलगा ‘सहायक’ या नांवानें त्याच वह्या लिहीत बसला. नांव बदललें, पगार कदाचित् कमी झाला, पण काम तेंच, गादी तीच. येथें जागा कोठेंहि गेली नाहीं. माणूस मात्र गेला. कावळा बसावयास आणि फांदी मोडावयास एकच गांठ पडली, असें मालक म्हणेल; पण फांदी आधींपासून करवतलेली होती कीं काय, हें पाहणें न्यायाधीशाचें काम आहे.

हें केवळ काल्पनिक नव्हे. मुंबईच्या जे. जे. रुग्णालय-समूहांतील एका प्रकरणांत तत्कालीन मुंबई सरकारनें वॉर्डांत काम करणाऱ्या नोकरांस नोटीस देऊन कमी केलें, आणि पुरवठा खात्यांतून मोकळ्या झालेल्या सरकारी नोकरांची त्या जागांवर सोय लावली. म्हणजे वॉर्ड होते, रुग्ण होते, कामहि होतें. हात तेवढे बदलले. ‘हॉस्पिटल मजदूर सभे’नें हें प्रकरण न्यायालयांत नेलें आणि सन १९६० मध्यें सर्वोच्च न्यायालयाचा निवाडा झाला. तो लिहिणारे न्यायमूर्ति प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर हे सातारचे, हें आमच्या वाचकांस अभिमानानें सांगावेंसें वाटतें. सरकार हरलें, आणि हरलें तें ज्या मुद्द्यावर तो प्रत्येक व्यापाऱ्यानें लक्षांत ठेवण्याजोगा आहे: नोकरांस कायद्यानें देणें असलेली भरपाई कमी करतेवेळीं दिली गेली नव्हती. ही भरपाई म्हणजे मागाहून केव्हांतरी फेडावयाचें ऋण नसून कपातीची पूर्वअट आहे. ती पुरी झाली नाहीं तर कपातच निरर्थक, असें न्यायालयानें स्पष्ट सांगितलें. सरकारसारखा बलाढ्य धनी जेथें सुटला नाहीं, तेथें तुमच्याआमच्या पेढीची काय कथा?

दुसरी कसोटी निवडीची. समजा जागा खरोखर कमी झाल्या. पण तिघांतून दोघे कोणते जाणार? येथें ज्याच्या हातीं ससा तो पारधी असा न्याय कायदा चालूं देत नाहीं. निराळा करार नसेल तर एकाच प्रकारच्या कामावरील माणसांत जो शेवटीं आला तो प्रथम जावा, असा सर्वसाधारण नियम १९५३ सालीं आपल्या कायद्यांत आला आणि आजच्या संहितेंतहि तो कायम आहे. जुना माणूस काढून नवा ठेवावयाचा असेल तर मालकास बंदी नाहीं. परंतु त्याचीं कारणें त्यानें लिहून ठेविलीं पाहिजेत. या ‘लिहून ठेविलीं’ मध्यें सारें मर्म आहे. मनांतलें कारण वाऱ्याबरोबर बदलतें. कागदावरचें कारण न्यायालयांत उभें करतां येतें, तपासतां येतें, खोटें असेल तर उघडें पाडतां येतें. मुंबई राज्याच्या १९५७ च्या नियमांत तर कपातीपूर्वीं किमान सात दिवस नोकरांची ज्येष्ठतेनुसार यादी सूचना-फलकावर लावावी असें सांगितलें होतें. उद्देश हा कीं, आपला नंबर कितवा आणि आपल्यामागें कोण, हें प्रत्येकास उघड्या डोळ्यांनीं दिसावें. चोर सोडून संन्याशाला सुळीं देण्याचे प्रकार अंधारांत होतात. यादी भिंतीवर लागली म्हणजे ते निम्मे थांबतात.

ही निवड दुष्टबुद्धीनें झाली हें कशावरून ओळखावें? महाराष्ट्रानें १९७१ सालीं कामगार संघटनांची मान्यता व अनुचित कामगार प्रथा यांविषयीं जो कायदा केला, त्यांत या दुष्टबुद्धीचीं रूपें नांवनिशीवार सांगितलीं आहेत: सूड म्हणून काढणें, सद्भावनेनें नव्हे तर हक्काचा नुसता देखावा करून काढणें, उघडउघड खोट्या कारणासाठीं काढणें, विनापरवाना गैरहजेरीच्या बनावट आरोपावरून काढणें, न्यायाचीं साधीं तत्त्वें धाब्यावर बसवून अवाजवी घाईनें काढणें. जवळजवळ हीच यादी पुढें मध्यवर्ती कायद्यांतहि आली आणि आजच्या संहितेच्या परिशिष्टांत ती आहे. ज्यास कमी केलें आहे त्यानें ही यादी समोर ठेवून आपलें प्रकरण तिच्याशीं ताडून पाहावें. आणि ज्यास कमी करावयाचें आहे त्या मालकानें तर सही करण्यापूर्वींच ती वाचावी.

तिसरी कसोटी रीतीची. ज्यानें एक वर्ष सलग नोकरी केली — आणि मागील बारा महिन्यांत २४० दिवस काम झालें असेल तर कायदा तें सलग वर्ष मानतो — त्या कामगारास कारणें देऊन एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तिच्याऐवजीं एका महिन्याचें वेतन दिलें पाहिजे. प्रत्येक पूर्ण वर्षास पंधरा दिवसांचें सरासरी वेतन भरपाई म्हणून दिलें पाहिजे. आणि सरकारास सूचना केली पाहिजे. शेवटचें अपुरें वर्ष सहा महिन्यांहून अधिक असेल तर तेंहि पुरें धरावयाचें. म्हणजे अकरा वर्षें सात महिने काम केलेल्या हिशेबनीसाचीं बारा वर्षें धरून १८० दिवसांचें सरासरी वेतन होतें, आणि महिन्याची नोटीस निराळी. ग्रॅच्युइटी व भविष्यनिर्वाह निधि हीं देणीं आणखी वेगळीं. त्यांची भेळ या भरपाईंत करून “सर्व मिळून इतके घ्या” असें म्हणणें ही लबाडी आहे. व्यापाऱ्यास हिशेब शिकविण्याची गरज नाहीं. पण हुंडीची मुदत एक दिवसहि न चुकविणारे कित्येक धनी नोकराच्या या देण्याची मुदत पाळीत नाहींत, म्हणून हें लिहावें लागतें.

कोणी म्हणेल, “रीत पाळली काय अन् न पाळली काय, जागा तर जाणारच होती.” या युक्तिवादास उत्तर इंग्लंडांत मिळालें आहे. इंग्रजांचें राज्य आम्हांस नकोसें झालें तरी त्यांच्या न्यायालयांतील चांगली गोष्ट घेण्यास आम्ही लाजत नाहीं. तेथें जादा ठरलेल्या नोकरास भरपाई देण्याचा कायदा १९६५ सालीं झाला आणि अन्याय्य बडतर्फीविरुद्ध दाद मागण्याचा हक्क १९७१ च्या कायद्यानें आला. तेथील एका कंपनींत चार व्हॅनचालक होते. त्यांच्या जागीं माल विकणारे दोन चालक आणि एक प्रतिनिधि ठेवण्याचें ठरलें. एका चालकास कचेरींत बोलावलें, तुम्ही जादा झालां असें सांगितलें, पत्र हातांत दिलें आणि त्याच पावलीं घरीं पोंचविलें. आधीं ना सूचना, ना विचारपूस. कंपनी म्हणाली, विचारपूस केली असती तरी परिणाम हाच झाला असता. १९८७ सालीं तेथील उमरावांच्या सभेनें, म्हणजे त्या वेळच्या सर्वांत वरच्या न्यायासनानें, हा बचाव मोडून काढला. विचारपूस सर्वथा निरुपयोगी ठरली असती असें मालकास त्याच वेळीं समजुतीनें वाटण्याजोगें असेल तर गोष्ट निराळी. एरवीं परिणाम काय झाला असता हा प्रश्न भरपाई किती द्यावी हें ठरवितांना विचारांत घ्यावा, वागणूक न्याय्य होती कीं नव्हती हें ठरवितांना नव्हे. त्यापूर्वीं १९८२ सालीं तेथें चांगल्या मालकाची वर्तणूक कशी असावी हेंहि सांगितलें गेलें होतें: शक्य तितकी आगाऊ सूचना द्यावी, संघटनेशीं बोलावें, निवडीचीं मापें एका साहेबाच्या मर्जीवर न ठेवतां तपासतां येण्याजोगीं ठेवावीं, आणि काढण्यापूर्वीं दुसऱ्या एखाद्या कामावर सोय होते काय तें पाहावें. माणसाला घराबाहेर काढण्यापूर्वीं त्याच्याशीं दोन शब्द बोलावे, एवढेंच त्याचें सार. एवढ्यासाठीं विलायतेस जाण्याची खरोखर गरज नव्हती; परंतु घरचें शहाणपण घरीं चालत नाहीं, म्हणून बाहेरचा दाखला द्यावा लागतो.

कायद्याचा आधार कसा घडतो आणि कोठें अपुरा पडतो, याचें उदाहरण आमच्याच सोलापूर जिल्ह्यांत आहे. मिरजेपासून कुर्डुवाडी-बार्शीवरून लातुरापर्यंत धांवणारी बार्शी लाइट रेल्वे ही एका विलायती कंपनीची. १ जानेवारी १९५४ रोजीं ती भारत सरकारनें ताब्यांत घेतली. तत्पूर्वीं कंपनीनें सर्व नोकरांस नोटीस दिली कीं ३१ डिसेंबर १९५३ रोजीं तुमची नोकरी संपली. बहुतेकांस सरकारी रेल्वेनें पुन्हा कामावर घेतलें. पण जुन्या कंपनीकडून कपातीची भरपाई मिळावी असा दावा कामगारांनीं केला. नोव्हेंबर १९५६ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला कीं, धंदा चालूं असतां जादा माणसें कमी करणें म्हणजे कपात. धंदाच संपला किंवा दुसऱ्याच्या हातीं गेला तर ती कपात नव्हे. कामगार हरले. म्हणजे एक माणूस काढला तर भरपाई आणि सगळेच काढले तर कांहीं नाहीं, असा विचित्र प्रकार झाला. लोकमत जागें झालें आणि १९५७ सालीं संसदेनें कायदा दुरुस्त करून धंदा बंद होण्याच्या व हस्तांतराच्या प्रसंगींहि भरपाईची तरतूद केली. पुढें १९७६ सालीं व १९९० सालीं सर्वोच्च न्यायालयानें कपातीचा अर्थच विस्तृत केला: शिक्षेखेरीज कोणत्याहि कारणानें मालकानें नोकरी संपविली, तर कायद्यांत सांगितलेले अपवाद वगळून ती कपातच होय. बार्शीच्या कामगारांचा पराभव अशा रीतीनें देशभरच्या कामगारांच्या कामीं आला. न्याय हा आकाशांतून पडत नाहीं. कोणीतरी हरूनहि भांडावें लागतें तेव्हां तो कायद्याच्या पुस्तकांत जाऊन बसतो.

आतां आजची स्थिति. १९४७ चा औद्योगिक कलह कायदा जाऊन त्याच्या जागीं २०२० ची औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलांत आली आहे. वर सांगितलेल्या तिन्ही कसोट्या तिच्यांत टिकल्या आहेत, ही समाधानाची गोष्ट. कमी केलेल्या कामगाराच्या नवशिक्षणासाठीं मालकानें पंधरा दिवसांचें वेतन एका निधींत भरावें आणि तें त्या कामगाराच्या खात्यांत जावें, ही नवी तरतूद स्वागतार्ह आहे. पण पारड्यांत उलट बाजूसहि वजन पडलें आहे. पूर्वीं शंभर कामगार असलेल्या कारखान्यास कपातीपूर्वीं सरकारची परवानगी घ्यावी लागे. आतां ही मर्यादा तीनशेंवर नेली आहे. कमी केलेल्या माणसाच्या जागीं पुन्हा भरती झाल्यास त्यास प्रथम बोलवावें, या हक्कास पूर्वीं मुदत नव्हती; आतां तो एक वर्षापुरता आहे. म्हणजे ज्या धन्यास माणूसच नको असेल त्यानें बारा महिने कळ काढली कीं झालें. वैयक्तिक तक्रार घेऊन न्यायाधिकरणाकडे जाण्याची मुदत तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आली आहे. आणि ठराविक मुदतीच्या नोकरीस कायद्यानें उघड मान्यता मिळाल्यामुळें, मुदत संपली म्हणून घरीं पाठविलेल्यास कपातीचें संरक्षणच नाहीं. काम बारमाही आणि नेमणूक मात्र मुदतीची, अशी जोडी जुळविणें हा उद्यांचा सर्वांत सोपा बहाणा होईल अशी आम्हांस भीति वाटते. कायदेमंडळांतील आमच्या प्रतिनिधींनीं या छिद्राकडे वेळींच लक्ष द्यावें.

पुण्यांतील संगणक-कचेऱ्यांत काम करणाऱ्या तरुणांस एक शब्द. मोठ्या आस्थापनेस लागणारी सरकारी परवानगीची अट कारखाने, खाणी व मळे यांनाच आहे. कचेरींत हजारों माणसें असलीं तरी ती तेथें लागूं नाहीं. परंतु “तुम्ही सुशिक्षित, तुम्हांस कामगारांचा कायदाच नाहीं,” असें जें त्यांस सांगितलें जातें तें निखालस खरें नव्हे. कामगार कोण हें पगाराच्या आंकड्यावरून किंवा पत्रावरच्या इंग्रजी हुद्द्यावरून ठरत नाहीं. प्रत्यक्ष कोणतें काम करतो यावरून ठरतें. कारकुनी, तांत्रिक, हातकामाचें काम करणारा कामगार आहे; व्यवस्थापकीय काम करणारा नाहीं, आणि देखरेखीचें काम करणारास मात्र दरमहा अठरा हजार रुपयांची मर्यादा आहे. हाताखालीं एकहि माणूस नसतां ‘मॅनेजर’ ही पदवी चिकटविली म्हणून कोणी मॅनेजर होत नाहीं.

मग ज्यास नारळ मिळाला त्यानें काय करावें? दबावाच्या राजीनाम्यावर घाईनें सही करूं नये; विचारास वेळ मागावा, आणि तो मागितल्याचें लेखी ठेवावें. कमी करण्याचें कारण लेखी मागावें. नेमणूकपत्र, पगाराच्या पावत्या, हजेरीचा पुरावा घरीं जपून ठेवावा. कारण २४० दिवस काम केलें हें सिद्ध करण्याचा भार प्रथम कामगारावर आहे, आणि कचेरीचें दार बंद झाल्यावर कागद मिळत नाहींत. आपल्या मागून आलेला कोणी कामावर आहे काय, आपल्या जागीं नवा कोणी आला काय, याची तारीखवार टिपणी ठेवावी. मुदत हातची जाऊं देऊं नये. आणि भलती आशाहि धरूं नये. बेकायदा काढलेल्यास पुन्हा कामावर घेऊन मधला पगार देणें हा सामान्य नियम आहे असें सर्वोच्च न्यायालयानें २०१३ सालीं महाराष्ट्रांतील एका शिक्षिकेच्या प्रकरणांत सांगितलें. तथापि रोजंदारीच्या व अल्पकाळ नोकरीच्या प्रकरणांत केवळ रोख भरपाईवर भागविण्याकडे गेल्या वीस वर्षांत न्यायालयांचा कल झालेला आहे. कपात खरी असेल, निवड रीतसर असेल आणि देणें चुकतें केलें असेल, तर कज्ज्यांत घर बुडवूं नये. दुसरें काम पाहावें. कायद्याची पदवी घेतलेल्या मनुष्यानें हें सांगणें धंद्याच्या विरुद्ध आहे, तरी खरें तें सांगितलें पाहिजे.

आणि व्यापारी बंधूंस आमची विनंती अशी. माणूस कमी करण्याचा प्रसंग तुमच्यावर येईल. तो टाळतां येत नसेल तर निदान उजेडांत करा. आधीं वरचा वायफळ खर्च छाटा, मग माणसांस हात घाला. हिशेब कागदावर मांडा, यादी भिंतीवर लावा, माणसास बोलावून त्याचें म्हणणें ऐका, देणें त्याच दिवशीं हातांत ठेवा, आणि पुन्हा बरे दिवस आले तर त्याला प्रथम बोलवा; वर्ष उलटलें असलें तरी बोलवा. यानें पेढी बुडाल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. मुंबईच्या गिरण्यांत १९२८ सालीं एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत जो प्रचंड संप झाला, त्याच्या मुळाशीं हाच प्रश्न होता: एका माणसावर दोनाऐवजीं तीन माग सोंपविले तर उरलेल्या माणसाचें काय? सुधारणेचा नफा एकाच्या तिजोरींत आणि तिचा भुर्दंड दुसऱ्याच्या चुलींत, असें वाटप ज्या सुधारणेंत होतें ती सुधारणा कामगारांनीं आपखुशीनें पत्करावी ही अपेक्षाच चुकीची होती. पुढें फॉसेट समिति बसली, साक्षी झाल्या, अहवाल निघाला. पण सहा महिन्यांची उपासमार आणि सहा महिन्यांचा बुडालेला धंदा कोणी भरून दिला नाहीं.

शेतकरी दुष्काळांत बैल विकतो. पण विकण्यापूर्वीं त्याच्या पाठीवरून हात फिरवितो, आणि खाटकास न विकतां कामकऱ्यास विकतां येईल काय तें पाहतो. माणसाचा दर्जा बैलाहून खचित वरचा आहे. ज्यानें दहा-बारा वर्षें तुमच्या वह्या राखल्या, तुमच्या किल्ल्या सांभाळल्या, त्यास निरोप देतांना खरें कारण सांगण्याइतकें धैर्य धन्याच्या अंगीं असलें पाहिजे. जागा गेली असेल तर ‘जागा गेली’ असें दाखवून द्या. माणूस नकोसा झाला असेल तर तसा आरोप ठेवा आणि त्याचें उत्तर ऐका. एकाचें नांव घेऊन दुसरें करणें, याचेंच नांव अन्याय.